माझा कागद कुठं हाय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'माहिती' हा शब्द आपण दिवसातून कितीदा वापरतो, पण तो आला कुठून याचा विचार सहसा करत नाही. अरबीत 'मा हिया' म्हणजे 'ती काय आहे?' त्यावरून 'माहियत', म्हणजे एखाद्या वस्तूचं नेमकं स्वरूप. मराठीतल्या 'माहीत' आणि 'माहिती'चं नातं या शब्दाशी जोडलं जातं. 'अधिकार' हा शब्द संस्कृतातला. २००५ साली देशाला कायदा मिळाला आणि मराठीत त्याला 'माहितीचा अधिकार' म्हटलं गेलं, तेव्हा या दोन शब्दांची गाठ बसली. मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला या गाठीचं अप्रूप वाटतं. त्याहून मोठी गंमत अशी की 'माहिती'च्या पोटातच एक प्रश्न दडलेला आहे. तो 'सगळं काय आहे?' असा नाही. एका वस्तूकडे बोट दाखवून 'हे काय आहे?' असं तो विचारतो.

श्रोतेहो, आज या बोट दाखवण्याविषयीच बोलायचं आहे. कचेरीत अर्ज जातो, 'सर्व कागदपत्रे द्यावीत.' उत्तर येतं, 'मागणी मोघम स्वरूपाची असल्याने माहिती देता येत नाही.' दोन्ही बाजू आपापल्या जागी रुसून बसतात. अर्ज नेमका कसा करावा, आणि तो नेमका करण्याची जबाबदारी कुणाची, हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल.

आपल्याकडे जुने सरकारी कागद रुमालात बांधून ठेवायची रीत होती. रुमाल म्हणजे चौकोनी फडकं. एका विषयाचे किंवा एका सालचे कागद त्यात घालायचे, चार टोकांची गाठ मारायची आणि फडताळात ठेवायचं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत. १८१८ साली पेशवाई गेली आणि हे कागद इंग्रजांच्या ताब्यात आले. ते त्यांनी जपले, पण इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. कुणाची जमीन इनाम, कुणाची सरकारी, कुणाकडून किती सारा घ्यायचा, हे ठरवायला त्यांना ते हवे होते. पुढे १८५२च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशनला जोर आला. सरकार रयतेला विचारू लागलं, 'सनद दाखव.' ज्याला कागद दाखवता आला नाही त्याचं इनाम धोक्यात आलं. सरकारचा प्रश्न कसा होता पाहा. एक जमीन, एक सनद, हो की नाही. राज्यकर्त्यांना नेमकं विचारण्याची ताकद पुरती ठाऊक होती. उलट रयतेनं सरकारला कागद मागायची सोय मात्र नव्हती.

अभ्यासकांनाही त्या दफ्तराचं दार सहज उघडत नव्हतं. कागद बाहेर आले तर इनाम-वतनांचे जुने दावे उकरून काढले जातील, अशी सरकारला धास्ती होती. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करायला सुरुवात केली, ती घराघरांतले कागद गोळा करून. सरकारी दफ्तरावर पद्धतशीर काम सुरू व्हायला १९२९ साल उजाडावं लागलं. ते काम रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्याकडे आलं. पाठीशी सर जदुनाथ सरकार होते. १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले. पंचेचाळीस खंड म्हणजे मोठा पसारा, पण दफ्तराच्या मानानं ते मूठभर शितं होत. शितावरून भाताची परीक्षा करायची तर आधी कुठलं शीत उचलायचं ते कळायला हवं. त्यासाठी या मंडळींनी रुमाल सोडले, विषय ठरवले, एका प्रकरणाचे कागद एका ठिकाणी आणले. आजही पुराभिलेखागारात जाणाऱ्याला पहिला प्रश्न येतो, 'कुठल्या विभागाचं दफ्तर, कुठला रुमाल?' 'मला मराठ्यांचा इतिहास द्या' असं तिथं चालत नाही. पण तिथं यादी असते, आणि ती दाखवणारा माणूसही असतो.

आता आमच्या कोल्हापूरकडे येतो. मी शिवाजी पेठेत राहतो. निवृत्ती चौकातल्या अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून रंकाळ्यापर्यंत आमची पेठ बोलायला फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. पण नेमकं विचारण्याचा या गावातला सगळ्यांत मोठा धडा राजर्षी शाहू महाराजांनी घालून दिला. २६ जुलै १९०२ चा करवीर सरकारचा हुकूम आपल्याला माहीत असतो तो पन्नास टक्के जागांसाठी. त्या हुकमाच्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भराव्यात असं त्यात म्हटलं होतं. प्रगत कोण ते हुकमात सांगितलं होतं आणि बाकीचे सारे मागासलेले धरले होते, त्यामुळे त्या ओळीत माझ्या समाजालाही जागा होती. पुढं १९०६ साली इथं मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं, तेही महाराजांच्याच पुढाकारानं.

पण त्या हुकमाच्या शेवटाकडे फारसं कुणी पाहत नाही. या हुकमानंतर केलेल्या सर्व नेमणुकांचं तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानं हुजुरांकडे पाठवावं, असं तिथं फर्मावलेलं आहे. महाराजांनी 'मागासलेल्यांसाठी काय केलंत?' असं विचारलं असतं, तर प्रत्येक खात्यानं चार पानं भरून गोड उत्तर धाडलं असतं. त्यांनी विचारलं, तीन महिन्यांत कुणाकुणाला नेमलंत? याचं उत्तर नावांनी आणि आकड्यांनीच द्यावं लागतं. त्यात लपायला जागा नाही. नोकरशाहीला कुठं धरायचं हे त्या राजाला कळलेलं होतं. दुसरी गोष्टही लक्षात घ्या. त्यांनी कुणी अर्ज करण्याची वाट पाहिली नाही. पत्रक दर तीन महिन्यांनी आपोआप यायचं होतं.

स्वतंत्र भारतात हाच धागा राजस्थानातल्या मजुरांनी पुन्हा पकडला. मजदूर किसान शक्ती संघटनेनं डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना या गावी पहिली जनसुनावणी घेतली. दुष्काळी कामावर राबलेल्या माणसांना पुरी मजुरी मिळत नव्हती. 'भ्रष्टाचार थांबवा' ही घोषणा होतीच, पण त्यांनी मागितलं काय? हजेरीपट, बिलं आणि व्हाउचरं. हजेरीपट गावासमोर वाचला की मेलेल्या माणसाची हजेरी कुठं लागली ते पोरगंही सांगतं. १९९६ साली ब्यावरला त्यांनी चाळीस दिवस धरणं धरलं, तेही कागदाच्या प्रती मिळाव्यात म्हणून. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यानं राज्याचा कायदा आला. त्याची अंमलबजावणी २००२ पासून धरली गेली. मग १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभरचा कायदा पूर्णपणे लागू झाला. हजेरीपटासारख्या एका साध्या कागदापासून सुरू झालेली मागणी दिल्लीच्या संसदेपर्यंत पोचली.

कायदा आला आणि अर्जांचा पाऊस पडला. त्यांतले कितीतरी अर्ज 'सर्व', 'संपूर्ण', 'आजतागायत' अशा शब्दांनी सुरू होतात. लोक असं का लिहितात? अविश्वासापोटी. थोडं मागितलं तर नेमकं हवं ते राहून जाईल, अशी भीती असते. कचेरीत कुठला कागद कुठल्या नावानं राहतो हेही बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. अंधाऱ्या खोलीत शिरणारा माणूस हात पसरूनच चालतो, त्याला हसून उपयोग नाही.

आमच्या पेठेतली एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वीची. एक वृद्ध बाई, सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणते. नवरा सरकारी खात्यात शिपाई होता. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तीवेतनाचा अर्ज दिला, त्याला वर्ष उलटून गेलं. पेन्शन येईना. त्यांचा भाचा शिकलेला. त्यानं माहिती अधिकारात तीन पानी अर्ज केला. सन १९९० पासून आजतागायत त्या कार्यालयात आलेली कुटुंब निवृत्तीवेतनाची सर्व प्रकरणं, सर्व शासन निर्णय, सर्व पत्रव्यवहार, सगळ्यांच्या साक्षांकित प्रती. उत्तर ठरलेलं आलं, मोघम व विस्तृत. शिवाय इतरांच्या प्रकरणात त्यांची खासगी माहिती आहे, ती देता येत नाही. भाचा तावातावानं माझ्याकडे आला, "चाचा, तुम्ही लिहिता. आता असा अर्ज लिहा की खुर्चीच हलली पाहिजे."

मी आक्कांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्या म्हणाल्या, "बाबा, माझं मागणं काय लय न्हाई. माझा कागद कुठं हाय, तेवढं सांगा म्हणावं."

अर्ज तिथंच तयार झाला होता. तीन पानांत जे हरवलं होतं ते आक्कांच्या एका वाक्यात होतं. ते वाक्य फक्त कचेरीच्या भाषेत न्यायचं होतं. आम्ही तीन गोष्टी मागितल्या. एक, माझ्या अमुक तारखेच्या अर्जाचा आवक क्रमांक व दिनांक. दोन, तो अर्ज कोणत्या तारखेला कोणाकडे गेला, हे दाखवणाऱ्या कार्यविवरण नोंदवहीतील नोंदीची प्रत. तीन, त्यावर लिहिलेल्या टिपणीची प्रत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, आक्कांनी अंगठा उठवला. अर्ज त्यांच्याच नावानं, त्यांच्याच प्रकरणाचा, त्यामुळे खासगी माहितीचा अडसर आपोआप गेला.

सव्विसाव्या दिवशी उत्तर आलं. दोन पानं होती, चार रुपये पडले. नवऱ्याच्या सेवापुस्तकात आक्कांचं नाव एक आणि रेशनकार्डावर दुसरं, म्हणून प्रतिज्ञापत्र मागवावं, अशी टिपणी सात महिन्यांपूर्वीच झाली होती. पत्राचा मसुदाही तयार होता. पण जावक क्रमांकाची जागा कोरी होती. पत्र टेबलावरून उठलंच नव्हतं. आम्ही प्रतिज्ञापत्र दिलं आणि चार महिन्यांत थकबाकीसकट पेन्शन सुरू झाली. आक्का म्हणाल्या, "एवढंच हुतं व्हय?" एवढंच होतं. पण त्या एवढ्याशा गोष्टीपायी एका बाईनं दीड वर्ष भावाच्या दारात हात पसरला होता.

मोघम अर्ज नेमका करायचा तर गुपित असं काही नाही. आपल्या गावगाड्यात ही विद्या आहेच. शेतकरी तलाठ्याकडे जाऊन 'माझ्या जमिनीचं सगळं द्या' म्हणत नाही. गट नंबर सांगतो आणि सात-बाराचा उतारा मागतो. शहरात सिटी सर्व्हे नंबर सांगून प्रॉपर्टी कार्ड मागतात. गाव, नंबर, साल आणि कागदाचं नाव, ही ती चौकट. रस्त्याबद्दल विचारायचं असेल तर 'पेठेतले सर्व रस्ते' न लिहिता या चौकापासून त्या चौकापर्यंतचा रस्ता, हे आर्थिक वर्ष, असं लिहावं. मग कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक या तीन कागदांत रस्त्याची सगळी कुंडली असते. 'का?' असं विचारू नये, कारण कायदा कागद देतो, खुलासा देत नाही. 'कामात दिरंगाई का झाली?' याऐवजी 'मुदतवाढीच्या आदेशाची प्रत द्या' म्हटलं की 'का'चं उत्तर त्यातच मिळतं.

कागदाचं नावच ठाऊक नसेल तर आधी नुसती पाहणी मागावी. दफ्तर समोर बसून पाहण्याचा, टिपणं घेण्याचा हक्क या कायद्यातच आहे. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानं तर जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच ही वेळ नागरिकांना दफ्तर पाहण्यासाठी ठेवली. दोन तास फायली चाळल्या की दोनशे पानांऐवजी कुठली पाच पानं मागायची ते कळतं.

इतका वेळ मी अर्जदाराला चार गोष्टी सांगितल्या. आता खुर्चीकडे वळतो. अर्ज मोघम आहे म्हणून तो फेटाळावा, असं आपला कायदा कुठंही म्हणत नाही. कलम ५ सांगतं की माहिती अधिकाऱ्यानं मागणाऱ्याला वाजवी साहाय्य करावं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं तोंडी मागणं लिहून घ्यायला मदत करावी, असं कलम ६ सांगतं. कलम ७ च्या नवव्या पोटकलमात एक सवलत आहे, पण ती रूप बदलण्यापुरती. मागितल्या स्वरूपात माहिती देण्यात कचेरीची साधनसामग्री अवाजवी खर्ची पडत असेल, तर ती दुसऱ्या स्वरूपात द्यावी. उदाहरणार्थ, प्रतींऐवजी पाहणी. पण व्यवहारात याच पोटकलमाचा नकारासाठी वापर होताना दिसतो. सर्वोच्च न्यायालयानंही ऑगस्ट २०११ मध्ये उत्तरपत्रिकांच्या एका प्रकरणात विद्यार्थ्यांच्या बाजूनं निकाल देताना सरसकट आणि अव्यवहार्य मागण्यांबद्दल इशारा दिला होता. कर्मचाऱ्यांचा पाऊण वेळ माहिती गोळा करण्यातच जावा हे देशाच्या हिताचं नाही, असा त्याचा आशय. हा इशारा खरा आहे. पण तो निकालातून उचलून प्रत्येक अर्जाच्या कपाळी चिकटवला तर अन्याय होतो.

जानेवारी २०१२ मध्ये महाराष्ट्रानं नियम केला. एका अर्जात एकच विषय, आणि शब्द साधारणपणे दीडशेच्या आत. कर्नाटकानं त्याआधी २००८ साली असंच केलं होतं. त्याच २०१२ साली केंद्रानं पाचशे शब्दांची मर्यादा घातली, पण एवढ्याच कारणानं अर्ज फेटाळता येणार नाही हेही बजावलं. शब्द कमी करायची कवीला सवयच असते. दोन ओळींच्या शेरात आम्ही जन्म घालवतो. तरी मला हा दीडशेचा नियम खुपतो. शेरातला शब्द मी कापतो, दुसऱ्यानं कात्री घेऊन यावं असं मला वाटत नाही. एकच विषय म्हणजे काय, हे ठरवणार कोण? रस्ता खोदला, खाली जलवाहिनी टाकली, वर डांबर ओतलं. हा एक विषय की तीन? खुर्ची म्हणेल तीन, आणि पहिल्याचंच उत्तर देऊन बाकीचे अर्ज वेगळे करा म्हणेल. शिकलेला माणूस तीन अर्ज करील. आक्का घरी परत जातील.

अमेरिकेचा दाखला इथं उपयोगी पडतो. तिथला कायदा १९६६ चा. त्यात मागणारा 'ओळखता येईल असा' कागद सांगेल अशी अट होती. कचेऱ्यांनी त्या शब्दाची ढाल केली. कागदाची ओळख पटत नाही म्हणून नकार. शेवटी १९७४ साली तो शब्द काढून, कागदाचं 'वाजवी वर्णन' पुरे, असा बदल करावा लागला. इंग्लंडचा कायदा २००० चा. तिथं शोधायचा खर्च केंद्रीय खात्यांत सहाशे पौंडांच्या वर जात असेल तर नकार देता येतो, पण मागणी कशी आखडती घ्यावी याचा सल्ला देणं हे कचेरीचं कर्तव्य मानलं आहे. आपल्या कायद्यात तशी खर्चाची मर्यादाच नाही. याचा अर्थ साहाय्याची जबाबदारी आपल्याकडे जास्त आहे, कमी नाही.

आणि नेमकं विचारणं हे नुसतं शहाणपणाचं काम नाही, ते धाडसाचंही आहे. मोघम प्रश्नाला कुणी भीत नाही. ज्या प्रश्नात सर्व्हे नंबर असतो, तारीख असते, त्यालाच लोक घाबरतात. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारातून उजेडात आणत होते. १३ जानेवारी २०१० रोजी त्यांचा खून झाला. त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या इचलकरंजीत दत्ता पाटील या माहिती अधिकार कार्यकर्त्याची हत्या झाली. 'अर्जदार त्रास देतात' असं कचेरीत बसून म्हणणाऱ्यानं ही दोन नावं एकदा आठवावीत.

कोल्हापूरच्या टोलचं आंदोलन आपण पाहिलं. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी जाणती माणसं पुढं होती. 'टोल देणार नाही' ही घोषणा शहरभर घुमली, पण तिच्या जोडीला साधे प्रश्न होते. रस्ते किती झाले? कसे झाले? त्यांची खरी किंमत किती? रस्त्यांचं मूल्यांकन करायला समिती नेमावी लागली आणि अखेर तो टोल गेला. घोषणा मोठीच असावी लागते, पण तिला पाय लागतात ते असल्या छोट्या प्रश्नांचे.

म्हणून अर्ज लिहिणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच, की राग मोठा ठेवा, मागणं लहान करा. आणि खुर्चीला सांगणं असं, की मागणं लहान करायला त्या माणसाला मदत करा. ती तुमची मेहेरबानी नाही, कामच आहे. या कायद्याचं चौथं कलम तर त्याहून पुढं जातं. दफ्तराची सूची करा, आणि कुणी विचारायच्या आत माहिती प्रसिद्ध करा, असं ते सांगतं. शाहू महाराजांच्या तिमाही पत्रकाचाच हा पणतू. ते कलम प्रत्येक कार्यालयात मनापासून पाळलं गेलं तर कितीतरी अर्ज लिहावेच लागणार नाहीत. तोवर दहा रुपयांचा स्टॅम्प, एक तारीख आणि एका कागदाचं नाव, एवढं जवळ ठेवा.